मंचाखालच्या फळ्या

गल्लीच्या उतारावरचं शेवटचं दुकान गादीवाल्या मावशीचं. खरं म्हणजे ती मावशी एकाच माणसाची, थोरल्या बहिणीच्या मुलाची. पण तो लहानपणी दुकानात लोळत दिवसभर "मावशी, मावशी" करायचा, तेच गल्लीनं उचललं, आणि आता तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला मावशीच म्हणतात. बसक्या बांध्याची बाई, ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. टाचण्या तोंडात असतात तोवर ती फक्त "हं" म्हणते. त्या काढून तिनं हातावर घेतल्या की समोरच्यानं ओळखावं, आता आपली धडगत नाही.

दुकानामागच्या खोलीत थोरली बहीण, ताई. तिचे पाय कधीचेच गेलेले. पलंग, खिडकी आणि दुकानातलं बोलणं एवढंच तिचं जग, पण त्यात ती मजेत असते. गिऱ्हाईक कापड निवडत असलं की आतून आवाज येतो, "निळं घेऊ नका, त्याचा रंग जातो." मावशी कपाळाला हात लावते. गिऱ्हाईक हसतं आणि दुसरं कापड घेतं.

मागच्या पुरात पाणी या खोलीत शिरलं, तेव्हा ताईला खाटेवर घालून जिन्यानं वर चढवावं लागलं. जिना अरुंद, खाट तिरकी झाली, आणि ताई भिंत आणि कठडा यांच्यामध्ये अडकून लोंबकळत राहिली. वर पोचल्यावर ती म्हणाली, "कपाटसुद्धा याहून नीट चढवतात गं." सगळे हसले, पण पाणी उतरेपर्यंत तिनं खाटेची कड सोडली नाही. तिच्या मुलानं दूरच्या शहरातून येऊन सगळं पाहिलं आणि बजावलं, "मावशी, पुन्हा घरात पाणी आलं तर आईला मी घेऊन जाणार. मग कुणाचं ऐकणार नाही." मुलगा वाईट नाही. पण त्याचं घर उंच इमारतीत, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि दिवसभर घरात कुणी नाही. त्या दिवसापासून नदीचं नाव निघालं की ताई खिडकीकडे तोंड फिरवी.

म्हणून पूरभिंतीकडे मावशीचे डोळे लागलेले. सभा झाल्या, नकाशे लागले, निवडणुका आल्या आणि गेल्या, भिंत काही उभी राहीना. अखेर जुन्या मातीच्या बांधावर ती उभी राहिली, चांगली पुरुषभर उंच. फक्त गल्लीच्या तोंडाशी गाड्यांना नदीकाठच्या रस्त्यावर जाता यावं म्हणून वाट मोकळी ठेवली होती. लोक तिला दार म्हणत. दाराच्या दोन्ही बाजूंना खाचा होत्या. पाणी वाढू लागलं की जाडजूड फळ्या त्या खाचांत एकीवर एक सोडायच्या की झालं दार बंद. नगरपालिकेनं ते एकदा करूनही दाखवलं. फळ्या सरसर खाली उतरल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग फळ्या शेजारच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या आणि खोलीला कुलूप लागलं. मावशीनं घरी येऊन ताईला सगळं हातवारे करून सांगितलं. ताई म्हणाली, "म्हणजे आता मी इथंच मरायला मोकळी."

"मर की. पण आधी एवढ्या खोळी शिवून दे," मावशी म्हणाली. दोघीही त्या दिवशी खुशीत होत्या.

पुढं भिंतीच्या लोकार्पणाचा सोहळा ठरला. शाळेच्या मैदानावर मंच, मोठे पाहुणे, आणि मंचावरच्या खुर्च्यांसाठी मखमली गाद्यांचं काम मावशीकडे आलं. तिनं ते मनापासून केलं. आदल्या दिवशी सकाळी गाद्या हातगाडीवर घालून ती मैदानावर गेली. मंच तयार होता, वर लाल गालिचा. गालिच्याला एके ठिकाणी सुरकुती पडली होती. अशी सुरकुती मावशीला डोळ्यांत कुसळासारखी सलते. ती नीट करायला तिनं गालिच्याची कड उचलली आणि उचललेलीच धरून ठेवली.

खाली त्या फळ्या होत्या. टोकांना रबराची काळी पट्टी, खाचेत घट्ट बसावी म्हणून लावलेली. फळ्यांना आरपार खिळे मारलेले. आणि एका फळीचे तुकडे करून मंचाला पायऱ्या केल्या होत्या.

सुतार शेजारीच उभा होता. मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"या कुठून आणल्यास?"

"भाड्याच्या फळ्या वेळेवर आल्या नाहीत. सोहळ्याच्या साहेबांनी खोलीचं कुलूप काढून दिलं. म्हणाले, सोहळा झाला की परत ठेवू." तो ओशाळला. "मला काय ठाऊक कशाच्या आहेत, मावशी. मला म्हणाले मंच कर, मी मंच केला."

तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी गेली. वरच्या धरणातून पाणी सोडलं आहे, संध्याकाळपर्यंत नदी वाढेल, पण नागरिकांनी घाबरू नये, आपली नवी पूरभिंत सज्ज आहे, असं ती सांगत होती.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच कचेरीत पोचली. भिंतीच्या खात्यातले अभियंते म्हणाले, फळ्या सोहळ्याच्या खात्याकडे दिल्यात, आता ते देतील तेव्हा. सोहळ्याचे साहेब म्हणाले, फळ्या भिंतीच्या खात्याच्या, त्यांनी लेखी मागाव्यात. एक खोली वर, एक खोली खाली, मध्ये जिना. मावशी त्या जिन्यावरून वर-खाली होत राहिली.

"अहो साहेब, भिंत कशासाठी बांधलीत?"

"लोकांच्या सुरक्षेसाठीच ना, मावशी."

"मग लोक बुडाले तर चालतील, पाहुणे जमिनीवर उभे राहिले तर चालणार नाहीत, असं आहे का?"

साहेब हसले. "तुम्ही फार मनाला लावून घेता. पाणी एवढं वाढणारच नाही. मागच्या वेळचं वेगळं होतं."

"मागच्या वेळी माझी बहीण जिन्यात लोंबकळत होती," मावशी म्हणाली. "तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी बिस्किटं वाटायला आला होता. एक पुडा मी ठेवलाय. नेऊन देऊ का परत?"

साहेबांचं हसू मावळलं, पण मान काही हलली नाही. बाहेर जिन्याजवळ अभियंते भेटले, तरुण, घामेजलेले. हळूच म्हणाले, "मी त्यांना सांगितलं होतं, मावशी. फळ्या नेऊ नका म्हणून."

"सांगितलंत आणि किल्ली दिलीत."

त्यांनी खाली पाहिलं.

"आता माझ्यामागून या," मावशी म्हणाली. "नाही आलात तरी मी जाणारच आहे."

ते आले. मैदानावर गल्लीतली माणसं जमली होती. हातगाडीवाल्यानं बातमी पोचवली होती. कुणी परवानगीचं विचारण्याआधी सुतारानंच आपला पहिला खिळा उपटला. गाद्या गवतावर रचल्या, गालिचा गुंडाळला, फळ्या खांद्यांवरून दाराशी गेल्या. तोवर नदीकाठचा रस्ता पाण्याखाली गेला होता आणि पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं होतं. अभियंते गुडघाभर पाण्यात उतरून एकेक फळी खाचेत बसवत होते. खिळ्यांच्या भोकांतून चिळकांड्या उडू लागल्या. सुतार त्यांत लाकडाच्या खुंट्या ठोकत सुटला. आणि शेवटी, सगळ्यांनी आधीपासून ओळखलं होतं तसंच, वरची एक फळी कमी पडली. ती पायऱ्यांत गेली होती.

ठेकेदारानं न उचललेली वाळू भिंतीपाशी पडून होती. मावशी दुकानात धावली. जाड पट्ट्यांचं गादीचं कापड तिनं ताग्यातून ओढलं आणि खोळी शिवायला बसली, लहान, आखूड, उशीएवढ्या. मशीन थांबेना. आतून ताई ओरडली, "तोंडं माझ्याकडे दे, मी टाचते." वाळूनं भरलेल्या खोळी तिच्या पलंगाशी येत होत्या आणि ती दाभणानं त्यांची तोंडं बंद करत होती. "घाल, अजून घाल, पोट भरलेलं नाही याचं," असं ती भरणाऱ्यांना दटावत होती. फळ्यांच्या पाठीशी त्या खोळींची रास चढत गेली, फळ्यांच्याही वर. अंधार पडता पडता पाणी वरच्या फळीवरून आलं, खोळींना टेकलं, झिरपलं, गल्लीत ओहळासारखं वाहिलं. पण दुकानाच्या पायरीशी येऊन थांबलं.

सकाळी पाणी थोडं उतरलं होतं. साहेब इस्त्रीच्या कपड्यांत आले. मैदानावर मंच राहिला नव्हता, म्हणून सोहळा आता दाराशीच करायचं ठरलं होतं. पाहुण्यांची गाडी दारातून आत यायची, तिथंच फीत कापायची. साहेब म्हणाले, "तासाभरासाठी फळ्या काढू. लगेच परत लावू."

मावशी खोळींच्या राशीवर बसली होती. रात्रभर शिवून तिची बोटं सुजली होती. "पलीकडे पाणी आहे, साहेब."

"फार नाही. गाडी उंच आहे."

"गाडी उंच आहे. माझी बहीण आडवी आहे."

"धरणवाल्यांनी सांगितलंय, आता सोडणार नाहीत."

"काल तुम्ही सांगितलं होतं, वाढणार नाही." तिनं टाचण्या पदराला खोचल्या. "पाहुण्यांना म्हणावं, भिंत बघायची असेल तर मागच्या गल्लीतून चालत या. चिखल आहे. आम्ही रोज येतो."

साहेबांनी अभियंत्यांकडे पाहिलं. अभियंत्यांनी या वेळी किल्ली दिली नाही. ते म्हणाले, "फळ्या काढता येणार नाहीत, सर." एवढंच. पाहुणे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की नव्या पूरभिंतीनं शहर वाचवलं आणि पालिकेच्या पूर्वतयारीचं कौतुक होत आहे. कापलेल्या फळीच्या जागी नवी आणायला प्रस्ताव पाठवावा लागेल, असं मावशीला कचेरीत सांगण्यात आलं. ती तिथल्या बाकावर बसली. कुठवर बसणार असं विचारल्यावर म्हणाली, "प्रस्ताव लिहून होईपर्यंत. बहीण घरी आहे, पण शेजारी बघतात." तो त्या दिवशीच लिहून झाला. फळी अजून यायची आहे.

पेपरात बातमी आली त्याच संध्याकाळी ताईच्या मुलाचा फोन आला. त्यानंही पेपर वाचला होता.

"घरात आलं का पाणी?"

"नाही आलं," ताई म्हणाली. "पायरीपर्यंत आलं."

"म्हणजे भिंत चांगली बांधलीय म्हणायची. मग राहा बाई तिथंच. मला उगाच घोर लागला होता."

ताईनं डोळे मिटले. मग फोन धाकटीपुढं केला. "मी राहतेय. पण घर कसं वाचलं ते तू सांग त्याला. नीट सांग, त्याला पेपरातलं खरं वाटलंय."

मावशीनं हातातलं शिवण बाजूला ठेवलं, फोन घेतला आणि गालिच्याच्या सुरकुतीपासून सुरुवात केली. हळूहळू तिचा आवाज इतका चढला की समोरच्या खिडक्या उघडल्या.