पूजाला कुठे पाठवलं?

मंडळी, आज दुपारी जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या कुडव्यात माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी सुनीता सालेकसाकडची. नवरा गेल्यावर एका संस्थेने तिच्या आठ वर्षांच्या पूजाला शिकवतो म्हणून वसतिगृहात नेलं. "पोरीले भेटू देऊन नाही राहिले, तुमी चला ना मॅडम," असं ती म्हणाली, म्हणून आज मी तिला गाडीवर त्या वसतिगृहात घेऊन गेले.

व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "उसको दूसरे शहर भेज दिया."

"कोणाले इचारून?" सुनीताने विचारलं.

"तुम्हारे भले के लिए ही कर रहे हैं. माँ से मिलके बच्चे रोते हैं, पढ़ाई नहीं होती." शहराचं नाव मात्र सांगेनात.

सुनीता दारातच बसली. "पोरगी दिसल्याबिगर मी उठत नाही."

मी बालकल्याण समितीला फोन लावला. तिथल्या मॅडम आल्या, तेव्हा कुठे व्हिडिओ कॉल लागला. केस बारीक कापलेली पूजा आईकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "माय, तुले मी नोको म्हणून सोडलं म्हणतेत इथं. खरं हाय का?"

फोन छातीशी धरून सुनीता नुसती नाही-नाही अशी मान हलवत होती, आणि पोरीला ते दिसत नव्हतं. शेवटी मीच मोठ्याने सांगितलं, "नाही गं, आई तुला न्यायलाच आलीय."

पूजाला परत आणा, असं मॅडमनी संस्थेला बजावलंय. पण ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही.

आपण वाढदिवसाला अशा ठिकाणी जेवण देतो, फोटो काढतो. त्या मुलांचे आईबाप कुठे आहेत, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलंय का?