साडेपाचला पूल

एका गुरुवारी सकाळी कपडे भिजवताना मला कळलं, की माझा नवरा संध्याकाळपर्यंत एक खून करणार आहे.

नवरा म्हणजे आमचे हे, श्रीनिवासराव. वय पंचावन्न, बँकेत अधिकारी, झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून मला हाक मारणारे. बँकेने कलकत्त्याला पाठवलं त्याला अकरा वर्षं झाली. लेक मार्केटजवळ आमचा फ्लॅट, यांचं ऑफिस एस्प्लनेडला, मुलगी मुक्ता कॉलेजात, आणि मी रविवारी इथल्या मराठी मुलांना मराठी शिकवते. (मुलं बंगालीत हसतात आणि मी मराठीत रागावते, असं ते चालतं.) अशा सरळ घरात खुनी कुठून येणार, असं कुणालाही वाटेल. पण मी गेली सात वर्षं गुन्ह्यांची एक मालिका एकही भाग न चुकवता बघितली आहे, त्यामुळे मला तसं वाटत नाही.

त्या मालिकेने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, प्रयोगशाळेत केसाचा तुकडा दिला की पांढऱ्या कोटातली बाई अर्ध्या मिनिटात खुन्याचं नाव, गाव आणि त्याने सकाळी काय खाल्लं ते सांगते. आणि दुसरी म्हणजे, बिलियर्ड खेळणारा माणूस गुन्हेगार असतो. हिरवं टेबल, वर लोंबणारा दिवा, भरपूर धूर आणि हातात काठी घेऊन टेबलावर वाकलेला, गालावर व्रण असलेला इसम... एवढं दिसलं की मी हातातला घास तसाच धरून जाहीर करायची, "हाच! लिहून घ्या, हाच!" आणि तोच निघायचा! एकदा यांनी भाजी वाढून घेता घेता विचारलं होतं, "सगळेच खेळणारे तसे नसतील गं. एखादा साधा माणूसही असेल ना?" मी म्हटलं, "साधी माणसं कॅरम खेळतात." त्यावर यांनी आणखी भाजी वाढून घेतली.

त्यानंतर दोनेक महिन्यांत घरात काहीतरी बदललं. मंगळवारी आणि गुरुवारी हे दोन तास उशिरा यायला लागले. विचारलं की "क्लोजिंग" म्हणायचे. बँकेचं क्लोजिंग मार्चमध्ये असतं हे बँकवाल्याच्या बायकोला झोपेतही माहीत असतं, आणि इथे तर नुकती पुजो, म्हणजे दुर्गापूजा, संपलेली! शिवाय हे गप्प गप्प राहायला लागले. मालिका चालू असताना भिंतीकडे बघत बसायचे. मधेच एक डोळा मिटून लोणच्याच्या बरणीवर नेम धरल्यासारखं करायचे. वरवर मी चेष्टा करत होते, पण मनातून घाबरले होते. सत्तावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता, त्यांना ते जमतही नाही. आणि आता आठवड्यातून दोनदा बोलत होते.

तर त्या गुरुवारी यांच्या पँटच्या खिशात मला निळी पूड सापडली. शर्टाच्या बाहीवरही निळी बोटं. कपड्यांची नीळ म्हणावी, तर ती मी वापरत नाही. हे आत दाढी करत होते. तेवढ्यात फ्रिजवर ठेवलेला यांचा फोन उजळला. मी बघणार नव्हते. (बघितलं.) 'डी' नावाच्या कुणाचा तरी निरोप होता: "आठ नंबर परवा थोडक्यात वाचला. आज त्याला सोडायचा नाही."

मराठीत! म्हणजे टोळीत मराठी माणूस! (क्षणभर अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?) आणि आमच्या इमारतीत आठ नंबरच्या फ्लॅटमध्ये सान्यालबाबू राहतात. गेल्याच महिन्यात पाण्याच्या टाकीवरून यांचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं होतं. हे ऑफिसला निघून गेल्याबरोबर मी वर जाऊन आठ नंबरची बेल दाबली. सान्यालबाबू ऑफिसच्या तयारीत, एका पायात मोजा घालून बाहेर आले.

"दादा, आज घर से मत निकलिए. बिलकुल मत निकलिए!"

"केनो? आज बंध नाकि?"

"बंद ही समझिए."

त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. बायकोला आत हाक मारून त्यांनी ती शुभवार्ता सांगितली, पायातला मोजा काढला आणि दार लावून घेतलं. एक जीव वाचला होता. आता पुरावा.

आमच्या मराठी मंडळातले देशमुख भाऊजी खऱ्याखुऱ्या सरकारी प्रयोगशाळेत आहेत, गुन्ह्यांतले नमुने तपासण्याच्या. राहायला पलीकडच्याच गल्लीत. भांडी घासायचे हातमोजे चढवून मी ती पूड हिंगाच्या रिकाम्या डबीत भरली आणि भाऊजींना त्यांच्या दारातच गाठलं.

"भाऊजी, याचा रिपोर्ट हवाय. मी थांबते."

भाऊजींनी डबी उघडली, आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मालिकेतली बाई विष ओळखते तेव्हा हुबेहूब असाच चेहरा करते!

"कुठे... कुठे मिळालं हे, वहिनी?"

"यांच्या खिशात. विष आहे ना?"

"अहो, असं नुसतं बघून नाही सांगता येत. नमुना सीलबंद लागतो, पोलिसांचं पत्र लागतं, मग तो रांगेत लागतो. सहा महिनेसुद्धा जातात."

"मालिकेत तर अर्ध्या मिनिटात..."

"मालिकेत पुढे जाहिराती असतात. आमच्याकडे पुढे फायली असतात," भाऊजी घाम पुसत म्हणाले. "आणि याला हिंगाचा वास येतोय! हिंगाच्या डबीतून कुणी पुरावा आणतं का? कोर्टात पहिला प्रश्न येईल, आमटी कुणी केली होती?"

एवढं बोलून त्यांनी डबी स्वतःच्याच खिशात कोंबली आणि चक्क पळत सुटले. जाणकार माणूस पळतोय म्हणजे पूड भलतीच जहाल असणार, असा मी निष्कर्ष काढला.

दुपारभर यांना फोन लावत होते, हे उचलत नव्हते. चारच्या सुमारास मुक्ता कॉलेजातून आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा आज ऑफिसनंतर कुठे जाणार होते गं?"

"बाबा ना? पूलला. सकाळी फोनवर कुणाला तरी सांगत होते, साडेपाचला पूल."

इथे मी तपास अधिकारी राहिले नाही, मराठीची बाई झाले.

"मुक्ता! पूलला काय? पुलावर! पुलाला, पुलाखाली, पुलावर. प्रत्यय लागला की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो!"

"आई, पण ते पूल म्हणजे..."

"आधी वाक्य नीट म्हण. बाबा पुलावर जाणार आहेत."

"बाबा पुलावर जाणार आहेत," मुक्ता सुस्कारा टाकून म्हणाली. "पण तू एवढी चिंता का करते?"

"करतेस!" असं ओरडून मी पायात चपला सरकवल्या.

इथे नदीवर मोठे पूल दोन. त्यातल्या नव्यावर पायी फिरू देत नाहीत. म्हणजे हावड्याचाच! गर्दी आहे, खाली नदी आहे, पळून जायला समोर स्टेशन आहे. गुन्हेगाराला आणखी काय हवं? स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी काळीघाटला मेट्रोत चढले. गाडी सुटली आणि ती हुशारी पार गळून गेली. गप्प झालेला माणूस, खोटं बोलायला लागलेला माणूस, आणि आता पूल. खूनबिन राहिला बाजूला, मला भलतीच भीती वाटायला लागली. ऑफिसात काही घडलं असेल का? डॉक्टरांनी काही सांगितलं असेल का? आणि ते मला सांगावंसं वाटलं नसेल? सात वर्षं मी पडद्यावरच्या लोकांचे चेहरे वाचत बसले आणि शेजारी जेवायला बसलेल्या माणसाचा चेहरा काही वाचला नाही. एस्प्लनेडला गाडी बदलली, नदीखालून हावड्याला पोचले आणि पदर खोचून पुलावर चढले.

साडेपाचला हावड्याच्या पुलावर माणूस शोधणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. सगळं एस्प्लनेड लोकल गाठायला निघालेलं असतं. डोक्यावर बोजे घेतलेले हमाल मला ढकलून पुढे जात होते. आणि अचानक दिसला, कठड्याशी वाकलेला, निळ्या चौकड्यांचा शर्ट! यांचाच! (पुजोच्या सेलमधला. तो अर्ध्या कलकत्त्याने घेतला होता, हे मला उशिरा समजलं.) पुरावा म्हणून मी आधी पाठमोरा फोटो काढला. तेवढ्यात शर्ट आणखी खाली वाकला. पुरावा गेला खड्ड्यात! मी धावत जाऊन मागून कमरेला मिठी मारली आणि ओरडले, "अहो, काय असेल ते आपण बघू! मी आहे ना!"

शर्टाने मान वळवली. त्याला भरघोस मिशी होती.

"के आपनि? छाड़ुन! छाड़ुन!"

बिचारे गृहस्थ घरच्या पूजेची फुलं गंगेत सोडत होते. ती फुलं आता माझ्या केसांत होती. दहा सेकंदांत वीस माणसं जमली, त्यांचे दोन गट पडले आणि माझ्या बाजूचा गट लहान होता. मग पोलीस आला.

"मॅडम, आप इस दादा को पहचानता है?"

"नहीं."

"तो पकड़ा क्यों?"

"पीछे से मेरे पति हैं."

त्याने वही काढली, काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "और ब्रिज का फोटो क्यों लिया? फोटो लेना मना है."

मला पुलाच्या टोकाशी एका बाकावर बसवण्यात आलं. पाणी देण्यात आलं. आयुष्यभर गुन्हेगार शोधणारी मी, पहिल्याच मोहिमेत ताब्यात गेले! तेवढ्यात मुक्ताचा फोन आला.

"आई, कुठे आहे तू?"

"हावड्याला. पोलिसांजवळ."

"हावडा? बाबा तर एस्प्लनेडला आहेत! ऑफिसच्या मागच्या गल्लीत. पूल, आई, पूल! टेबल असतं, रंगीत बॉल असतात, काठीने मारतात ना, ते!"

"बिलियर्ड?"

"तसंच. पण त्याला पूल म्हणतात."

"मग मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"तू व्याकरण सांगत होती!"

(होतीस. पण ते मी मनातच दुरुस्त केलं.)

फोन ठेवला आणि त्या बाकावर मला रडू कोसळलं. बिलियर्ड! माझा नवरा धडधाकट होता, ऑफिसच्या मागच्या गल्लीत काठी घेऊन उभा होता! एवढं मोठं सुख मला लग्नाच्या दिवशीही झालं नसेल. पोलिसाने घाबरून आणखी पाणी दिलं, फोटो पुसायला लावला आणि हात जोडून मला जायला सांगितलं. मिशीवाल्या दादांची मी तीनदा माफी मागितली. त्यांनी ती दुरूनच स्वीकारली.

पुन्हा नदीखालून एस्प्लनेड. गल्लीत एका चपलांच्या दुकानावर जिना होता. धूर, व्रण, शिव्या, सगळ्याची तयारी ठेवून मी दार ढकललं. आत लख्ख ट्यूबलाइट. मातीच्या पेल्यातून चहा पीत बसलेली चार-पाच टक्कल पडलेली माणसं. नोव्हेंबर लागला म्हणून एकाने माकडटोपी घातलेली. मालिकेत हे लोक चेंडू मारतात आणि माणूस मारतात, इथे त्यांचा दहा मिनिटं वाद चालला होता, की चेंडूला चेंडू लागला की नुसता वारा लागला! भिंतीशी देशमुख भाऊजी काठीच्या टोकाला निळा खडू घासत होते. मला बघताच खडू त्यांच्या हातातून गळाला. 'डी'! आणि मधल्या टेबलावर, एक डोळा मिटून, नाकाला निळा डाग लावून, आमचे हे.

"वसुधा! मी सांगणारच होतो गं."

"कधी? सहा महिन्यांनी, रिपोर्ट आल्यावर?" मी भाऊजींकडे बघत म्हटलं. भाऊजी खडू शोधायला टेबलाखाली गेले. "आणि आठ नंबर कोण?"

"तो काळा चेंडू. तो शेवटी घालवायचा असतो."

"मग घरी लपवायचं काय होतं त्यात?"

"तू रोज म्हणतेस ना, हाच, लिहून घ्या. म्हटलं, आपलं नाव कशाला लिहायला लावा?" हे काठीशी चाळा करत म्हणाले. "आणि खरं सांगू? इथे दोन तास मला कुणी साहेब म्हणत नाही. चुकलो की सगळे नुसते हसतात. बरं वाटतं."

मला रागवायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण तो निळ्या नाकाचा माणूस इतका जिवंत दिसत होता, की मला हसू फुटलं आणि मग पुन्हा रडू आलं. माकडटोपीवाल्या दादांनी मुकाट्याने माझ्यासाठी चहा मागवला. तो खडू मालिकेतला प्रत्येक गुंड दर भागात घासतो, हे मी त्या रात्री जेवताना नीट बघितलं. सात वर्षं मी फक्त व्रणांकडे बघत होते.

आता मंगळवारी आणि गुरुवारी मीही यांच्याबरोबर जाते. फक्त साताऱ्याला माझ्या आईला हे सांगायची सोय नाही. तीही हीच मालिका बघते आणि तिची मतं माझ्यापेक्षा कडक आहेत. तिला मी सांगितलंय की आम्ही दोघं भजनाला जातो. परवा मी तिथे असतानाच तिचा फोन आला. मागे सगळ्या टेबलांवर खटाखट, खटाखट चालू होतं.

"टाळ छान वाजतायत गं," आई म्हणाली. "पण मधेच एकदम बंद का पडतात?"

आता तिला कसं सांगू, की बंद पडतात तेव्हा मी अगदी नीट नेम धरून मारलेला चेंडू टेबलावरून उडालेला असतो आणि सगळे तो टेबलांखाली शोधत असतात!