उस्ताद वदीहच्या कागदावरचा इलियो

उस्ताद वदीह घंतूस चिडला की आधी त्याचे कान लाल होतात, हे झहले गावात त्याच्याकडे गणित शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या रविवारी तर तो जेवायला बसला तेव्हाच कान लाल होते.

बास्केटबॉलचा हंगाम संपला होता. गावचा नहर क्लब उपांत्यपूर्व फेरीत एका गुणानं हरून घरी आला होता. सर्बियन प्रशिक्षकानं दुसऱ्याच दिवशी बॅगा भरल्या, आणि दोघे अमेरिकन खेळाडू तर त्याच्याही आधी उडाले. उरलेल्या आपल्या पोरांचं मूल्यमापन बाकी होतं. ते दरवर्षीसारखंच व्हायचं होतं, म्हणजे अध्यक्षांच्या अंगणात, द्राक्षवेलीखाली, अरक ही बडीशेपेची दारू पीत आणि कच्च्या किब्ब्यावर, म्हणजे वाटलेल्या मांसावर, ताव मारत. कोण खेळाडू किती पाण्यात आहे हे ठरवणाऱ्या या मंडळींपैकी एकानंही जन्मात बास्केटमध्ये चेंडू टाकला नव्हता. एक दातांचा डॉक्टर, एक फर्निचरवाला, आणि अध्यक्ष नामान खूरी, ज्यांना सगळं गाव रईस म्हणतं, त्यांची खडीची खाण. खडी फोडणाऱ्याला माणसं जोखता येतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

वदीहला तिथं मत नव्हतं. त्याच्याकडे फक्त कागद होता. सव्वीस वर्षं तो मैदानाच्या कडेला टेबलापाशी बसून प्रत्येकाचे गुण, चुका, असिस्ट लिहीत आला होता. असिस्ट म्हणजे ज्या पासवर पुढच्यानं लगेच बास्केट केलं तो पास. आता ‘लगेच’ म्हणजे किती लगेच, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं असतं. संघटनेचे आकडे संगणकातून यायचे, पण झहलेत ते कुणी विचारत नसे. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूससुद्धा विचारायचा, “उस्तादचा कागद काय म्हणतो?”

त्या दिवशी कागद असं म्हणत होता की राल्फचे सामन्यामागे असिस्ट चार पूर्णांक सहा, आणि इलियो शम्मासचे तीन पूर्णांक एक. दोघेही चेंडू खेळवणारे, आणि करार एकालाच मिळणार होता. राल्फ रईसच्या बहिणीचा मुलगा. इलियोला बाप्तिस्म्याच्या दिवशी वदीहनं हातावर घेतलं होतं, म्हणून वदीह त्याचा अर्राब, धर्मपिता.

“झालं तर मग,” रईस हात पुसत म्हणाले. “राल्फ राहील. इलियोला करार नाही.”

“ठीक आहे,” वदीह म्हणाला. “मग त्याला सोडपत्र द्या. बैरूतचा क्लब त्याला मागतोय.”

“सोडपत्र? आपणच वाढवायचं आणि त्यानं तिकडं जाऊन आपल्याच उरावर बसायचं? बसू दे दोन वर्षं घरी.”

आमच्याकडे पोरगं सोळाव्या वर्षी क्लबसाठी सही करतं आणि ती सही क्लबच्या कपाटात जाऊन बसते. क्लबनं सोडलं तरच दुसरीकडे खेळायचं, नाहीतर दोन वर्षं जोडे खुंटीला. इलियो तेवीस वर्षांचा होता. पंचविसाव्या वर्षी घरी बसलेल्या खेळाडूला कोण हिंग लावून विचारतं?

“रईस, पोराचं आयुष्य मातीत घालताय तुम्ही.”

“मी कुठं? तो इतका चांगला असता तर तुमच्याच कागदानं सांगितलं नसतं का, उस्ताद?”

दातांचा डॉक्टर स्वतःचे दात दाखवून हसला. वदीहच्या कानांतली लाली मानेपर्यंत उतरली, कारण त्या टेबलावर बसलेल्यांत कागद खोटा आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

इलियो पहिल्यांदा क्लबकडून मैदानात उतरला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं होतं, “पेन्सिल अर्राबच्या हातात! आता काय, पोराची चंगळ!” लोक खिदळले. वदीहला ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यानं एक नियम पाळला. पास शंकेचा असला तर इतरांचा धरायचा, इलियोचा नाही. या हंगामाच्या बावीस सामन्यांत त्यानं असे चाळीस तरी पास खाल्ले होते. ते धरले तर इलियोचा आकडा जवळपास पाच होत होता. आणि या गाढवपणाला तो इतके दिवस प्रामाणिकपणा म्हणत होता! आरशात बघून स्वतःची पाठ थोपटत होता! स्वतःच्या मुस्काटात मारावी असं त्याला वाटलं.

तो उठला. खुर्ची मागे पडली.

“कागद चुकीचा आहे,” तो म्हणाला. “मी चुकवलाय. इलियोचे चाळीस असिस्ट मी लिहिलेच नाहीत. लोक नावं ठेवतील म्हणून.”

मग रईस मोठ्यांदा हसले.

“वा, उस्ताद! पोराला वाचवायला स्वतःलाच खोटं पाडताय? असला अर्राब सगळ्यांना मिळो.”

“मी खरं बोलतोय!”

“सव्वीस वर्षं खरं लिहिलंत आणि आज जेवताना खोटं आठवलं?”

“सामन्यांच्या चित्रफिती आहेत ना! लावा आत्ता. माझ्या शेजारी बसा आणि मोजा!”

“बावीस सामने? कॉफी थंड होईल,” फर्निचरवाला म्हणाला.

तेव्हा मात्र वदीहचा तोल गेला. “राल्फचे चार पूर्णांक सहा कुठून आले माहितीये? त्यानं पास दिल्यावर पुढचा पोरगा तीन-तीनदा चेंडू जमिनीवर आपटायचा, मग टाकायचा, तेसुद्धा मी धरलेत! शंका आली की त्याला दिलं. कारण तो तुमचा भाचा आहे, माझा कुणी नाही! तो चांगला म्हणून नाही हो, मी भित्रा म्हणून मोठा झालाय तो!”

राल्फचं नाव निघाल्यावर रईसचं हसू मावळलं. “बस झालं. उद्या गाव म्हणेल, रईसनं उस्तादचा कागद खोटा ठरवला. ते पाप मी माझ्या माथी घेणार नाही.” आणि त्यांनी ताटं सरकवून मूल्यमापनाखाली सही केली. बाकीच्या दोघांनीही केली.

वदीह तडक बाहेर पडला. सगळा रस्ता तो रईसच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालला होता.

चर्चमागच्या उघड्या मैदानावर इलियो एकटाच होता. दुपारच्या उन्हात भिंतीवर खडूनं काढलेल्या गोलात तो चेंडू मारत होता, झेलत होता, पुन्हा मारत होता. वदीहनं धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. करार नाही, सोडपत्रही नाही. रईस हरामखोर आहे. आणि मग, जरा हळू आवाजात, त्या चाळीस पासांचंही सांगितलं. पोरगं रईसवर भडकेल, आपल्याला मिठी मारेल, अशी त्याला कुठंतरी आशा होती.

इलियोनं चेंडू काखेत धरला.

“चाळीस?”

“चाळीस तरी. कदाचित जास्तच. पण मी त्यांना सोडणार नाही, बघ तू. वकील करतो, पेपरात देतो...”

“दर सामन्यानंतर मी तुमच्या कागदाचा फोटो काढायचो, अर्राब,” इलियो म्हणाला. “एक असिस्ट. दोन असिस्ट. मला वाटायचं, माझा पास पोचतच नाही नीट. म्हणून रोज इथं या भिंतीवर पाचशे मारतो. तरी आकडा हलेना. मग मार्चपासून मी पास देणंच कमी केलं. लक्षात नाही आलं तुमच्या?”

वदीहनं भिंतीवरच्या खडूच्या गोलाकडे पाहिलं.

“शेवटच्या सामन्यात, शेवटच्या सेकंदाला, आपला मरवान बास्केटखाली मोकळा उभा होता. एकटा. हात वर करून ओरडत होता. मला दिसला होता तो.” इलियोचा आवाज आता चढला. “दिसला होता! पण मी म्हटलं, नको, आपल्याला पास जमत नाही. स्वतःच मारला आणि चुकला. गावात कुणी बोलत नाही माझ्याशी. माझा बापसुद्धा नाही!”

“इलियो, हे बघ, तो रईस...”

“रईसचं नाव घेऊ नका! त्यांनी आज एकदा तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, तर केवढा संताप आला तुम्हाला. मी तुमच्या कागदावर वर्षभर ठेवला होता.”

त्यानं चेंडू भिंतीवर मारला, इतक्या जोरात की तो वदीहच्या डोक्यावरून मागे रस्त्यावर गेला. तो आणायला दोघांपैकी कुणीच गेलं नाही.