कमरेवरची चार बोटं

आमच्या गल्लीत तिला सगळे डागवाली म्हणत. जुन्या काळ्यापांढऱ्या निगेटिव्हवरचे डाग काढणं, हे तिचं काम. तरुणपणी स्टुडिओत पेन्सिलीची टोकं झिजवली आणि केस पिकल्यावर कॉम्प्युटर शिकली. निगेटिव्हमध्ये उजेड काळा असतो आणि अंधार पांढरा. त्या उलट्या जगात ती दिवसभर पाण्याखाली चालावं तशी चालायची. हाक मारली की वर यायला तिला वेळ लागे.

"वहिनी, लोकांची तोंडं धुऊन झाली असतील तर जेवायला चला," नणंद दारातून म्हणायची.

एकदा घड्याळं दुरुस्त करणारे काका आले. कागदाच्या घडीत एक निगेटिव्ह होती. खुर्चीत वर्षाचं बाळ, मागे कापडाचा ढीग, आणि सगळ्यावर बुरशीची नक्षी.

"हा मीच. जपून करा हं, बाई. हे एवढंच उरलंय."

आठ दिवस ती त्या बाळाजवळ राहिली. बुरशी ठिपक्याठिपक्यानं उचलली. झबल्याच्या गडद कापडावर, कमरेशी, चार फिकट पट्टे होते, ओल लागल्यासारखे. तेही पुसले.

काकांनी डोळ्याला भिंग लावून फोटो पाहिला. आधी हसले. मग हसू हळूहळू विरलं.

"आणि आई?"

"यात आई कुठे होती, काका?"

"मी एका जागी बसेना, म्हणून ती मागे कापडाखाली लपून मला धरून बसली होती. घरी या निगेटिव्हचा छापलेला फोटो होता, त्यात ताईनं मला तिची बोटं दाखवली होती. तो फोटो गेला. आई तर त्याआधीच गेली. तिचं दुसरं काही नाही हो."

डागवालीला कमरेवरचे ते चार पट्टे आठवले. पण कॉम्प्युटरवरची पहिली प्रत, डागांसकट, ती कधीच पुसत नसे. "आमच्या वहिनी लोकांचा कचरासुद्धा जपतात," असं नणंद हसायची. आज तीच नणंद खुर्चीमागे गुपचूप उभी राहिली.

जुनी प्रत उघडली. डागवालीनं बुरशी बाजूला सारली, इतकी हळू, की झोपलेलं कुणी जागं होऊ नये. धुक्यातून एक बोट वर आलं, मग दुसरं. चार बोटं. झबलं त्यांच्याखाली चुरगळलेलं.

"किती घट्ट धरलंय," नणंद पुटपुटली.

करंगळीच्या टोकाशी बुरशीची एक बारीक फांदी उरली होती.

"ही काढू, काका?"

काकांनी भिंग काढून डोळे पुसले.

"राहू द्या. चुकून नख जाईल तिचं."