जोडीतली एक उटी

आमच्या मामाला घरात सगळे ससा म्हणतात. बावीस वर्षं ट्रक चालवतोय, पण अजून गाडीवर चढण्याआधी दोरीची प्रत्येक गाठ तीनदा ओढून बघतो. मालकाला घाबरतो, पोलिसांना घाबरतो, मामीला तर विचारूच नका. अशा माणसाच्या हातून चूक झाली ती ट्रकवाल्याच्याच हातून होऊ शकते अशी.

चढावर टायर पंक्चर झाला. भरलेली गाडी मागे घसरू नये म्हणून चाकांमागे लाकडाच्या उट्या लावतात. मामाच्या दोन्ही उट्या त्यानेच जुन्या खाटेच्या पायांतून कापलेल्या, आणि घराच्या दारांना लावून उरलेला लाल रंग मामीने त्यांना फासलेला. टायर बदलून झाला. उटी चाकाखाली दाबली गेली की गाडी पुढे घेतल्याशिवाय निघत नाही. एक निघाली, ती त्याने मागे टांगली. दुसरीसाठी गाडी जरा पुढे घेतली, तेवढ्यात मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. वर सपाटीला थांबून चालत येऊ, असं तो मनाशी म्हणाला. वर पोचतो तोच मालकाचा फोन, ‘कुठे मेलास?’ आणि उटी डोक्यातून गेली.

माल उतरवून झाल्यावर तो सवयीने गाडीभोवती फिरला. मागे एकच उटी लोंबकळत होती.

रिकामा ट्रक त्याने उलट पिटाळला. चढावर काचांचा चुरा होता, उटी नव्हती. जवळच्या गॅरेजसमोर एक छोटी गाडी उभी होती, पुढून चेपलेली, खालून तेल गळत असलेली. ट्रकचं तोंड गॅरेजकडे ठेवून मामा उतरला. मागे टांगलेली उटी सोडून फेकून द्यावी असंही मनात आलं होतं. पण फेकणार कुठे? पुन्हा रस्त्यावरच ना!

गाडीच्या मागच्या सीटवर लहान मुलीचा एक बूट पडला होता. तो बघून मामाच्या तोंडचं पाणी पळालं. पोर कुठे आहे हे विचारायला तो पुढे सरकला.

ती गाडी चालवणारी, कपाळाला पट्टी बांधलेली एक नर्सबाई रस्ता सांभाळणाऱ्या टोल कंपनीच्या माणसाशी भांडत होती. लाल उटी गाडीच्या टपावर ठेवलेली होती.

“आमची माणसं तासाला फेरी मारतात, बाई. तेव्हा रस्ता साफ होता. ज्याचं लाकूड, त्याची जबाबदारी. ट्रक दाखवा.”

“पळालेला ट्रक कुठून दाखवू? रस्ता तुमचा ना?”

“रस्ता आमचा, लाकूड नाही.”

मेकॅनिकने उटी उलटीपालटी केली. “हे पडलेलं नाही. चाकाखालचं आहे. लावून विसरलाय कोणीतरी.”

“मेल्याला गाडी लक्षात राहिली, एवढंच नशीब!” बाई म्हणाली आणि एकदम रडायला लागली. “पोरगी शाळेच्या फाटकात उभी असेल हो. तिलाच आणायला निघाले होते.”

पोर गाडीत नव्हती! आता बोलावं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, “ट्रकवाले, शाळा रस्त्यातच आहे. बाईंना सोडता का?” मामाने बाईला पुढून नेऊन केबिनमध्ये बसवलं. मागची बाजू तिला दिसू दिली नाही. ससा तो ससाच.

शाळेच्या फाटकात सहा-सात वर्षांची पोर एकटीच दप्तरावर बसली होती. ट्रक तिच्या पुढे जाऊन थांबला, म्हणून ती मागून धावत आली. आईने तिला वर ओढून घेतलं, छातीशी धरलं, पट्टीचं काही नाही म्हणून सांगितलं. पोर मामाकडे वळली.

“काका, मागे तो लाल ठोकळा कशाला टांगलाय?”

मामा सांगतो, बाईने वळून आपल्याकडे बघितलेलं कानांनाही ऐकू आलं.

“गाडी मागे घसरू नये म्हणून, बाळ.”

“पण चाकं तर दोन्हीकडे असतात. एकच का?”

एक कुठेतरी हरवला, असं सांगता आलं असतं. पोरीला ते पटलंही असतं.

“दुसरा मी रस्त्यात विसरलो,” मामा म्हणाला. “तुझ्या आईला लागलंय ते त्याच्यामुळेच.”

बाईने पोरीला उचलून आपल्या पलीकडे, दाराच्या बाजूला बसवलं. मामाने ट्रक चालू केला आणि कोणी सांगण्याआधी पोलीस चौकीकडे वळवला. वाटभर त्याचे हात थरथरत होते, आणि पोर विचारत होती, “काका, तुम्हाला थंडी वाजतेय का?”