क्लिपवरच्या गणपतीची उत्तरपूजा

ज्याच्या कृपेने घराबाहेर पडलेला सुखरूप परततो, त्या विघ्नहर्त्यास प्रथम वंदन. मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या सौ. सुनंदाताई पेडणेकर साठ वर्षांच्या होत आहेत, आणि आज लेखणी आवरत नाही.

ताईंचा माझा परिचय एका क्लिपमुळे झाला. पट्टा न लावता मोटारीत बसले की गजर वाजतो. तो गप्प करण्यासाठी पट्ट्याच्या खाचेत नुसतीच अडकवायची ती ही क्लिप. तिच्या विक्रीस बंदी आहे. ताईंनी त्यासाठी रत्नागिरीची बाजारपेठ पालथी घातली. परंतु सावर्ड्याचे जीपचालक दत्ताराम यांच्यापुढे कायदाही थबकला. त्यांच्या क्लिपवर गणपती कोरलेला होता.

"बाई, दंड करा. पन देवाला मी हातानं उपटनार नाय."

ताई त्यांना घेऊन थेट माझ्या मिरजोळ्याच्या ओटीवर आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, दंड भरून हे उद्या दुसरी लावतील. मला यांच्या छातीवर पट्टा हवाय. शास्त्रात काही वाट आहे का?"

सरकारी अधिकाऱ्यांनी मला शास्त्र विचारावे, हे प्रथमच घडत होते. मी उल्हासाने म्हणालो, "आहे तर. भाद्रपदात गणपती हलवतो तो कसा? उत्तरपूजा करून, अक्षता वाहून. मग हलवण्यात दोष नाही."

दत्तारामांनी ओटीसमोर उभ्या जीपकडे बोट केले. "मंग करा, गुरुजी."

जीपमध्ये, क्लिप होती तिथेच, तिच्यावर अक्षता वाहिल्या. देवाने पुन्हा यावे म्हणून शेवटी 'पुनरागमनाय च' म्हणतात, ते म्हणणार, तोच ताई हळूच म्हणाल्या, "तेवढं राहू द्या, गुरुजी. ही परत यायला नको."

"देवालापन बंदी काय, बाई?"

"देवाला नाही हो. क्लिपला." मग दत्तारामांनी ती स्वतःच्या हाताने काढून माझ्या ताम्हनात ठेवली.

ही वार्ता अशी पसरली की ओटीवर चालकांची रीघ लागली. एक दुकानदार तर उरलेला सारा माल पिशवीत घालून आले: "एकदमच उरका, गुरुजी. घाऊक." ताईंनी त्या साऱ्या क्लिपा एका कारखान्याच्या भट्टीत सर्वांसमक्ष अग्नीस अर्पण केल्या. श्रद्धेचा मान राखून नियम पाळवून घेणे ताईंकडून शिकावे.

परवा दत्तारामांच्या जीपमधून वेळणेश्वरास निघालो. त्यांनी आपला पट्टा ओढून लावला आणि किल्लीवरचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिले.

"तुमचा लावा, गुरुजी. नायतर बाईंना सांगतो."

मी पट्टा लावला, आणि त्या दिवशी ओठांवर राहिलेले शब्द म्हटले.

सुनंदाताईंना निरामय शतायुष्य लाभो. आणि हे वाचून जे जे आज प्रवासास निघतील, त्या सर्वांसाठी ज्याच्या त्याच्या घराच्या उंबरठ्यावरून माझा हाच आशीर्वाद: पुनरागमनाय च.