नागुबाईंनी भरून घेतलेले गाल

मुखेडच्या नागुबाई सोनकांबळे तरुणपणापासून भीमगीतं गायच्या. नवरा केरबा ढोलकीवर असायचा. पन्नाशी उलटली तरी आवाज खणखणीत होता, पण गाल पार आत गेले होते. कार्यक्रमाला गेलं की बाया आधी तब्येतीची चौकशी करायच्या.

दोन हजार सोळाचा तो दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती, म्हणून तिथल्या मंडळानं त्या वर्षीची भीमजयंती जोरात करायची ठरवली. मंडळाचा पुढारी मारोती फोनवर म्हणाला, "ताई, बॅनरसाठी फोटो जुना पाठवा. आत्ताचा लई थकलेला दिसायलाय."

ते नागुबाईंना लागलं. बहिणीकडं जाते असं सांगून त्या लातूरला गेल्या आणि एका ब्युटी पार्लरमध्ये शिरल्या. तिथली बाई म्हणाली, "ऑपरेशन न्हाई, काही न्हाई. सुईनं गाल भरायचे. फिलर म्हणतात त्याला." तिनं दोन्ही गालांत सुया दिल्या. आरशात बघून नागुबाई हरखल्या.

परतीच्या गाडीत उजवा गाल ठणकायला लागला. अहमदपूर येईस्तोवर वेदना सहन होईना. मोबाईलच्या कॅमेऱ्यात त्यांनी तोंड बघितलं. नाकाजवळची कातडी पांढरीफटक पडली होती, अन् गालावर जांभळी जाळी उमटली होती. पार्लरवालीला फोन लावला तर ती म्हणाली, "सूज हाय ती. बर्फ लावा."

घाबरून त्यांनी केरबाला फोन केला. "आधी ओरडू नका," म्हणत सगळं सांगून टाकलं.

केरबा म्हणाला, "उलटी गाडी धर. कातडीच्या डॉक्टरकडं जा. मी मागनं येतो."

लातुरात टँकरभोवती घागरींची झुंबड उडाली होती, रिक्षा पुढं सरकेना. नागुबाई उतरल्या आणि तोंडावर पदर घेऊन चालत सुटल्या. दवाखान्यात पाणी संपलं म्हणून कुलूप लावायची तयारी चालली होती. "उद्या या," कंपाउंडर म्हणाला. नागुबाईंनी पदर बाजूला केला. तो तसाच आत पळाला.

डॉक्टर प्रमोदिनी बाहेर आल्या. त्यांनी गालावर बोट दाबून सोडलं. पांढऱ्या जागी रंग परत येईना.

"डोळ्यानं नीट दिसतंय का, मावशी?"

"दिसतंय. का हो?"

"आत भरलेल्यानं रक्ताची वाट अडवलीय. असंच राहिलं तर तिथली कातडी मरेल, कधीकधी डोळाही जातो. ते विरघळवायचं इंजेक्शन देते. पण गाल पुन्हा आत जातील."

"जाऊ द्या. तोंड वाचवा."

सुई टोचली. कोमट फडक्यानं शेक दिला. डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. पांढरंच. पुन्हा औषध दिलं, पुन्हा वाट पाहिली. नागुबाई एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या, दिसतंय ना म्हणून. केरबा धापा टाकत आला. अखेर डॉक्टरांच्या बोटाखाली हलकी लाली परतली. त्यांनी श्वास सोडला. "आला रंग."

बाहेर बाकावर केरबा म्हणाला, "मला सांगायचं तर होतंस."

"तुमी न्हाई म्हणला असता."

"म्हणलो असतो. पन सोबत आलो असतो."

उदगीरला नागुबाई काळानिळा गाल घेऊनच उभ्या राहिल्या. पुढं बसलेल्या बाया केरबाकडं रागानं बघत कुजबुजायला लागल्या. नागुबाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी माईक जवळ ओढला.

"यांनी मला हात लावला न्हाई. मी तरणी दिसावं म्हणून डॉक्टर नसलेल्या बाईकडून गालात सुया घेतल्या. कुणाला घ्यायच्याच असतील तर आधी डॉक्टर हाय का ते विचारा."

मारोती मान खाली घालून उभा होता. नागुबाईंनी केरबाला खूण केली आणि गायला सुरुवात केली. तोंड पुरतं उघडत नव्हतं, वरचा सूर जरा चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत.

रंग परतला तरी उशीर झाला होता; नाकाशेजारची थोडी कातडी पुढं काळी पडून सुटली आणि तिथं खळगा राहिला. त्यांनी तक्रार दिली. पार्लर बंद झालं आणि काही महिन्यांत दुसऱ्या गल्लीत, दुसऱ्या नावानं उघडलं.